कांगेर घाटीला पहिल्यांदा जाताना : धबधबे, गुहा आणि नदीकाठची सहल कशी आखावी

बस्तरमधल्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानाला जायचे ठरवल्यावर बहुतेक जण आधी गाडीची आणि मुक्कामाची चौकशी करतात. माझ्या मते पहिली चौकशी पाण्याची करावी. या उद्यानात काय पाहायला मिळेल, कुठपर्यंत जाता येईल आणि कुठून परत फिरावे लागेल, हे सारे त्या महिन्यात नदीला किती पाणी आहे यावर ठरते. धबधबे भरभरून वाहत असतात तेव्हा गुहा बंद असतात, आणि गुहा निवांतपणे पाहता येतात तेव्हा धबधब्यांची धार हळूहळू बारीक होत जाते. मी पहिल्यांदा ऑगस्टमध्ये गेलो होतो. तीरथगडचा धबधबा डोळे भरून पाहिला, पण कोटमसरची गुहा पावसाळ्यामुळे बंद होती आणि नाक्यावरूनच परतावे लागले. तेवढ्या एका गुहेसाठी पुढच्या वर्षी नागपूरहून सारा प्रवास पुन्हा केला. नव्याने जाणाऱ्यांना असा दुहेरी प्रवास करावा लागू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी जागा समजून घ्यावी

छत्तीसगडच्या दक्षिण भागात जगदलपूर हे बस्तर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे आणि तेथून सुमारे तीस किलोमीटरवर हे जंगल सुरू होते. आपल्याकडे ‘घाटी’ म्हटले की घाटरस्ता डोळ्यांसमोर येतो, पण येथे त्या शब्दाचा अर्थ खोरे असा आहे. कांगेर नदीच्या या खोऱ्याला १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस किलोमीटर असले तरी उद्यानाचा आकार लांबट आहे. पश्चिमेच्या तीरथगडपासून पूर्वेला ओडिशाच्या सीमेवरील कोलाब नदीपर्यंत ते सुमारे ३४ किलोमीटर पसरले आहे, आणि रुंदी मात्र सरासरी सहा किलोमीटरच्या आसपास आहे. कांगेर नदी कोलाबला मिळते, कोलाबलाच पुढे शबरी म्हणतात आणि शबरी शेवटी गोदावरीत जाते.

आकाराचा हा तपशील कामाचा आहे, कारण पाहण्याची ठिकाणे एका जागी गोळा झालेली नाहीत. ती या लांब पट्ट्यावर विखुरलेली आहेत आणि काहींचे रस्तेही वेगवेगळे आहेत. तीरथगडला हमरस्त्यावरून फुटणाऱ्या स्वतंत्र डांबरी रस्त्याने जाता येते. कोटमसरच्या गुहेकडे जाण्यासाठी मात्र वनविभागाच्या नाक्यावरून रीतसर प्रवेश घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करून निघावे. वाघ पाहण्यासाठी हे जंगल नाही. ताडोबाची सवय असलेल्या माणसाला येथे पहिले दोन तास काहीच घडत नाही असे वाटू शकते. उत्तरेकडचे सालवन आणि दक्षिणेकडचे सागवन येथे एकमेकांत मिसळतात. साल महाराष्ट्रात जवळजवळ पाहायलाच मिळत नाही, त्यामुळे सरळसोट वाढलेल्या सालाखालचा तो हिरवट उजेड आपल्याला नवा असतो. बिबट्या, अस्वल, चितळ, पिसोरी आणि उडती खार हे येथले रहिवासी असले, तरी सर्वाधिक मान आहे तो डोंगरी मैनेला. छत्तीसगडचा हा राज्यपक्षी माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि त्याच कारणाने पूर्वी पिंजऱ्यात पकडला जात असे. काळा तुकतुकीत रंग, डोक्यामागची पिवळी झालर आणि नारिंगी चोच या खुणा लक्षात ठेवाव्यात आणि पहाटे उंच वाळक्या फांद्यांकडे पाहत राहावे.

महिना कसा निवडावा

जुलै ते सप्टेंबर या काळात पाणी सर्वांत जास्त असते. तीरथगड आणि उद्यानाबाहेरचा चित्रकोट हे दोन्ही धबधबे तेव्हा पूर्ण भरात असतात, शिवाय तामडा घुमर आणि मेंदरी घुमर यांसारखे केवळ पावसाळ्यात जिवंत होणारे धबधबेही पाहायला मिळतात. याच काळात गुहांमध्ये पाणी शिरते, त्यामुळे त्या बंद ठेवल्या जातात. चित्रकोटच्या पायथ्याची नौकाही तेव्हा चालत नाही आणि कच्च्या वाटांवर ओढे आडवे येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ गुहांसाठी, पक्ष्यांसाठी आणि थंडीतल्या भटकंतीसाठी उत्तम असतो. एप्रिलनंतर उन्हाचा तडाखा वाढतो आणि तीरथगडची धार खडकाच्या एका बाजूला सरकून जाते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. परतीच्या पावसाचे पाणी तेव्हा नद्यांत टिकून असते, ते गढूळपणा टाकून स्वच्छ झालेले असते, आणि गुहाही साधारण त्याच सुमारास उघडतात. गुहा उघडण्याची तारीख त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असल्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी उद्यानाच्या जगदलपूर येथील कार्यालयाकडे किंवा ज्या होमस्टेमध्ये उतरणार त्यांच्याकडे विचारून घ्यावे. ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर बस्तर दसऱ्याचे दिवस पाहून घ्या. दंतेश्वरी देवीचा हा उत्सव तब्बल ७५ दिवस चालतो आणि त्याच्या अखेरच्या टप्प्यात जगदलपुरात खोली मिळणे फार कठीण होते. या उत्सवातला रथ पाहायचा असेल तर मुक्काम बराच आधी ठरवावा.

पोहोचण्याचा रस्ता

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी सोयीचा मार्ग रायपूरवरून आहे. मुंबईहून गीतांजली आणि पुण्याहून आझाद हिंद या हावड्याकडे जाणाऱ्या गाड्या नागपूरवरून रायपूरला पोहोचतात. रायपूर ते जगदलपूर हे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर धमतरी, कांकेर, केशकाल, कोंडागाव असे रस्त्याने कापावे लागते आणि त्याला सहा ते सात तास धरावेत. या मार्गावर रात्रीच्या बसगाड्या भरपूर आहेत, तरीही मी दिवसाची बस सुचवतो. केशकालचा वळणांचा घाट उजेडात पाहण्यासारखा आहे, आणि वाटेत कोंडागावला ढोकरा पद्धतीचे, म्हणजे मेणाचा साचा वितळवून केलेले, धातुकाम करणाऱ्या कारागिरांकडे तासभर थांबता येते. विशाखापट्टणमहून पूर्व घाटातील बोगद्यांतून येणारा रेल्वेमार्गही जगदलपूरला जोडलेला आहे. तो प्रवास सुंदर आहे, पण वेळखाऊ आहे, आणि पावसाळ्यात दरडी कोसळून गाड्या अडकण्याची शक्यता असते. नकाशावर गडचिरोलीतून सिरोंचा, भोपालपट्टणम, बिजापूर असा जवळचा वाटणारा रस्ता दिसतो. नवख्या माणसाने पहिल्या खेपेला त्या रस्त्याने जाऊ नये.

सुरक्षिततेचा प्रश्न घरातून नक्की विचारला जातो, आणि तो टाळून चालणार नाही. जगदलपूरहून सुकम्याकडे जाणारा जो महामार्ग या उद्यानाच्या भागातून जातो, त्याच मार्गावर मे २०१३ मध्ये झीरम घाटीत माओवाद्यांचा भीषण हल्ला झाला होता. आज तीरथगड आणि कोटमसरला सहली, शाळकरी मुले आणि कुटुंबे नियमितपणे जातात. तरी काही पथ्ये पाळावीत. निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिकांकडून रस्त्याची खबर घ्यावी, नकाशा दाखवतो म्हणून आतल्या कच्च्या वाटांना स्वतःहून लागू नये, आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी परतावे. वाटेत सुरक्षा दलांच्या जवानांनी थांबवून चौकशी केली तर ओळखपत्र दाखवून शांतपणे उत्तरे द्यावीत. छावण्यांची आणि जवानांची छायाचित्रे काढू नयेत.

मुक्काम आणि सामान

जगदलपुरात सर्व खिशांना परवडतील अशी हॉटेले आहेत. मात्र एक रात्र तरी धुडमारास या गावी राहावे. कांगेर नदीने वेढलेल्या या गावात धुरवा समाजाची वस्ती आहे, आणि गावकऱ्यांनी स्वतः होमस्टे व बांबूच्या तराफ्यांची सफर सुरू केली आहे. उत्तम पर्यटन गावांच्या संयुक्त राष्ट्रांच्या उपक्रमात २०२४ मध्ये या गावाची निवड झाली, त्यामुळे आता आधी कळवल्याशिवाय जागा मिळेल असे गृहीत धरू नये.

सामानात पकड असलेले बूट सर्वांत महत्त्वाचे आहेत, आणि ते जुने, पायाला सरावलेले असावेत. गुहेत व धबधब्याच्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळाच्या चपला घालून चालणे धोक्याचे आहे. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, एक जादा पायमोज्यांचा जोड, डोक्याला बांधायची टॉर्च, मच्छर पळवणारे मलम, क्षार-साखरेची पाकिटे आणि रोजची औषधे घ्यावीत. जंगलात मोबाइलला रेंज नसते किंवा येऊन-जाऊन असते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि घरच्यांना ‘संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही’ असे सांगून निघावे. प्रवेशाची पावती, गाइड, जिप्सी (जंगलात नेणारी उघडी गाडी) आणि गावातले जेवण यांसाठी सुटे पैसे रोख जवळ बाळगावेत. दर बदलत राहतात, तेव्हा जुन्या आकड्यांवर न विसंबता नाक्यावरचा फलक वाचावा आणि पावती मागून घ्यावी.

गुहेचा दिवस

कोटमसरला सकाळी लवकर पोहोचावे. उशिरा पोहोचल्यास नाक्यावर जिप्सीसाठी थांबावे लागते, आणि गुहेच्या अरुंद वाटेवर आत जाणारे व बाहेर येणारे समोरासमोर अडकतात. गाइडशिवाय आत सोडत नाहीत, आणि सोडत नाहीत हे योग्यच आहे.

गुहेचे तोंड पाहून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. डोंगराच्या कुशीतली ती एक खाच आहे. तिच्यातून अंग चोरून लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. दहा-बारा पायऱ्या उतरल्यावर बाहेरचा उजेड मागे पडतो, हवा दमट आणि जड होते, चष्म्यावर वाफ धरते. मग अचानक दालन उघडते. गाइडने दिवा छताकडे धरला की वरून लोंबणारे चुनखडीचे झुंबर दिसते, आणि प्रत्येक टोकाला पाण्याचा एकेक थेंब थरथरत असतो. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड सोबत घेते, किंचित आम्लयुक्त होऊन चुनखडक विरघळवते आणि गुहेच्या छताशी पोहोचल्यावर त्यातला चुना कणाकणाने मागे सोडते. छतावरून खाली वाढतात ते अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीवरून वर चढतात ते ऊर्ध्वमुखी. हजारो वर्षे लागून वाढलेल्या या स्तंभांना हात लावू नये, कारण हाताचा तेलकटपणा बसला की त्या जागी पुढचा थर नीट धरत नाही. जिथे माणसांचे हात सतत लागले आहेत तिथला खडक काळपट, मेणचट झालेला दिसतो आणि ते पाहून फार वाईट वाटते.

१९५०च्या दशकात भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी या गुहेचा शोधपूर्वक अभ्यास केला, आणि येथे सापडणाऱ्या रातकिड्याच्या एका जातीला त्यांच्या नावावरून ‘शंकरी’ हे नाव मिळाले. गुहेतल्या डबक्यांत फिकट रंगाचे, दृष्टी गमावलेले छोटे मासे राहतात. ज्या जातीत त्यांची गणना होते, तिचे शास्त्रीय वर्णन एकोणिसाव्या शतकात प्रथम झाले ते पुण्याच्या परिसरातील माशांवरून, आणि उजेडातल्या ओढ्यांत राहणाऱ्या या माशांना डोळे असतात. डबक्यात टॉर्चचा झोत रोखून धरू नये, हात बुडवू नये. ज्यांना दमा, हृदयविकार, रक्तदाबाचा मोठा त्रास किंवा बंद जागेची भीती आहे त्यांनी आत जाऊ नये. दालनात प्राणवायू कमी जाणवतो आणि घाबरलेल्या माणसाला त्या पायऱ्यांवरून वर आणणे सोपे नसते. सुमारे ३३० मीटर लांबीची ही गुहा पाहून बाहेर यायला तासभर पुरतो.

१९९३ मध्ये सापडलेली कैलास गुहाही याच उद्यानात आहे. तेथले काही स्तंभ वाजवल्यावर सूर निघतो असे गाइड कौतुकाने सांगतात. तो सूर ऐकण्याचा हट्ट धरू नये. एका दिवसात दोन्ही गुहा उरकण्यापेक्षा कोटमसरनंतर जवळच कांगेर धारेवर बसावे. येथे नदी खडकाच्या बुटक्या पायऱ्यांवरून उतरते आणि नोव्हेंबरात पाणी इतके स्वच्छ असते की तळाचे गोटे मोजता येतात. भैंसा दरहा हा मोठा डोह मात्र लांबूनच पाहावा, कारण त्यात मगरींचा वावर आहे. स्थानिक बोलीतला ‘दरहा’ म्हणजेच आपला डोह.

धबधब्यापाशी

तीरथगडचा धबधबा सुमारे ३०० फूट उंच आहे, पण तो एका झेपेत कोसळत नाही. थराथरांच्या खडकावरून पाणी पायरी-पायरीने उतरते, त्यामुळे वरून पाहिले तर फेसाचा जिना खाली गेल्यासारखा वाटतो. पायथ्याशी जाण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या उतरताना सोप्या वाटतात, चढताना दम काढतात. वडीलधारे सोबत असतील तर त्यांना वरच्या सज्जावरूनच दृश्य दाखवावे. दुपारी जेवल्यावर लगेच उतरू नये.

येथे होणारे अपघात बहुतेक वेळा निसरड्या खडकामुळे होतात. ओला काळा खडक आणि हिरवट शेवाळलेला खडक यांतला फरक डोळ्यांना लगेच कळत नाही, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी बुटाच्या टाचेने जागा चाचपावी. धारेच्या माथ्यावर, जिथून पाणी खाली झेपावते तिथे, छायाचित्रासाठी जाऊ नये. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या अंगाला पाऊस पडत असू शकतो. पाण्याचा रंग बदलून गढूळ होऊ लागला, पालापाचोळा व काटक्या वाहत आल्या किंवा आवाज एकदम जड झाला, तर सामानाची पर्वा न करता ताबडतोब काठावर चढावे. ही लक्षणे दिसल्यानंतर हातात फार थोडा वेळ असतो.

चित्रकोट उद्यानाच्या हद्दीत येत नाही, पण जगदलपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असल्यामुळे तो वगळून परतणे योग्य नव्हे. इंद्रावती नदी घोड्याच्या नालेच्या आकारात येथे सुमारे २९ मीटर खाली कोसळते आणि भर पावसात तिचा विस्तार ३०० मीटरच्या आसपास जातो. दुपारी चारनंतर जावे, म्हणजे कललेल्या उन्हात पाण्याचा तांबूसपणा दिसतो. पाणी ओसरल्यावर नावाडी धारेच्या जवळ नेतात. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नावेत पाय ठेवू नये आणि नावेत उभे राहू नये. ही इंद्रावती पुढे महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहत जाऊन सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते, त्यामुळे गडचिरोलीच्या माणसाला चित्रकोटपाशी उभे राहिल्यावर आपलीच नदी वरच्या अंगाला भेटल्यासारखे वाटते.

माणसांशी बोलताना

हिंदीने सर्वत्र काम भागते. तरी येथली संपर्काची बोली हलबी आहे आणि ती कानावर पडली की मराठी माणूस चमकतो. ‘तुचो नाव काय आय?’ असे धुडमारासच्या अंगणात एका आजींनी मला विचारले तेव्हा क्षणभर मी कोकणात आहे की बस्तरात, असे झाले. बस्तरचे राजे एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक होते, आणि हलबीवर मराठीची छाया आहे हे भाषेचे अभ्यासकही सांगतात. धुरवा लोकांची घरातली भाषा मात्र द्राविडी कुळातली आणि अगदी निराळी आहे. आजींना मराठीतूनच सावकाश उत्तर दिले, आणि त्यांना ते समजले. त्यांनी पानाच्या दोन्यात नाचणीची गार पेज दिली. उन्हातून आल्यावर तिच्याइतके पोटाला आणि जिवाला शांत करणारे दुसरे काही नाही. तांबड्या मुंग्यांची चापडा चटणीही सोबत मिळते; आंबटतिखट चव आवडली नाही तर नम्रपणे बाजूला ठेवावी, नाक मुरडू नये.

बाजारहाटात किंवा घराच्या अंगणात माणसांचे छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे आणि नकार आला तर कॅमेरा खाली ठेवावा. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत. प्लॅस्टिक आपल्यासोबत जगदलपूरपर्यंत परत न्यावे, कारण गावात ते विल्हेवाटीला लावण्याची सोय नसते. उद्यानातून दगड, पिसे, रोपे उचलणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

परतल्यावर

बस्तर हा हिवतापाचा जुना प्रदेश आहे आणि त्यातला फॅल्सिपेरम हा घातक प्रकारही येथे आढळतो. निघण्यापूर्वी प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, संध्याकाळनंतर अंग पूर्ण झाकणारे कपडे घालावेत आणि मच्छरदाणीतच झोपावे. एवढे करूनही परतल्यानंतरच्या काही आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, तर साधा ताप समजून घरी अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आपण बस्तरात राहून आलो आहोत हे आपणहून सांगावे आणि हिवतापासाठी रक्ततपासणी करून घ्यावी.